उंबराचं पाणी

आयव्हीने फ्रिज उघडला. बाटली गायब!

बाटलीत गावठाणातल्या जुन्या विहिरीचं पाणी होतं आणि त्यातल्या जंतूंवर तिची पीएच.डी. उभी होती. लॅबचा फ्रिज बिघडला म्हणून तिने ती घरी आणली, आणि नेमका त्याच आठवड्यात रस्ता रुंद करणाऱ्यांनी विहिरीवर स्लॅब टाकला. आता दुसरं पाणी मिळणार नव्हतं. नमुना आज दुपारी तिच्या गाईड सुगंधा मॅडमना द्यायचा होता.

घरात वेगळीच धांदल. उद्या तिच्या भावाचं, मेल्विनचं लग्न. आज त्याला 'उंबराच्या पाण्याने' आंघोळ, लग्नाच्या आदल्या दिवसाचा विधी. हे पाणी गावठाणाच्या विहिरीचंच लागतं, नळाचं चालत नाही.

"मम्मी, माझी बाटली?"

तिची मम्मी क्लारा मावशांच्या घोळक्यात बसली होती, पुढ्यात तांब्याची छोटी कळशी. "ओतली हिच्यात. विहीर गेली म्हणून या सकाळपासून रडत होत्या."

"मम्मी, वाट लागली माझी! रिसर्च आहे ते!"

"आणि माझ्या पोराचं लगीन? ते परत परत होतं काय?"

थोरल्या मावशीने डोळे पुसले. "माझ्या बाच्या विहिरीचं पाणी गं, आयव्ही."

आयव्हीची नजर कळशीवर होती. तांब्यात जंतू फार वेळ जगत नाहीत. तेवढ्यात बाहेर बँड वाजला, सगळे अंगणात धावले. आयव्हीने क्रूसाची खूण केली, कळशी स्वच्छ बाटलीत रिकामी केली, नळाखाली धरून पुन्हा भरली आणि रिक्षा पकडली.

वाटेत मोबाइलवर फोटो आला. मेल्विनच्या डोक्यावर पाणी, मावशांच्या डोळ्यांत पाणी. तिला स्वतःची लाज वाटली.

लॅबमध्ये मॅडमनी नमुन्यात तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"आयव्ही, यात क्लोरीन आहे. हे नळाचं पाणी आहे."

म्हणजे नळाचं पाणी चोरून तिने नळाचंच भरलं होतं! तिने घरी फोन लावला.

"मम्मी, कळशीत काय होतं? खरं सांग."

"हळू बोल." क्लारा कुजबुजली. "नळाचंच. तुझी बाटली फ्रिजमध्येच आहे, सोरपोतेलच्या मटणाच्या टोपामागे. मावशांसमोर कसं सांगणार? इतकी वर्षं त्या पाण्यापाठी फिरतेस, मला काय दिसत नाय?"

"मम्मी, मी पण..."

"तू पण काय?"

"काही नाही. येते घ्यायला."

फोनमधून थोरल्या मावशीचा आवाज आला, "क्लारा, विहिरीचं ते विहिरीचंच हां! नुसत्या वासावरून कळतं!"