डीपी गेले

गुड फ्रायडेच्या आदल्या दुपारी लातुरातल्या एका गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. एप्रिलचं ऊन होतं, गल्लीत घरांपेक्षा होस्टेलं जास्त होती आणि प्रत्येक खोलीत डॉक्टर होऊ घातलेली मुलं कूलरसमोर दाटीवाटीने बसली होती. खांबावरच्या डीपीने काही वेळ हा सगळा भार सोसला, मग मोठा आवाज झाला आणि जळकट वास सुटला. दर उन्हाळ्यात होतं तसंच झालं.

अडचण एवढीच होती, की गल्लीत आणखी एक डीपी राहत. देवदान प्रल्हाद, म्हणजे डीपी सर, तिथल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवत. विद्युतधारा हा त्यांचा हातखंडा विषय. क्लासच्या वरच्या मजल्यावर चर्च भरे, त्याच्या पंचमंडळातही ते होते आणि चर्च आधुनिक केलं तेही त्यांनीच. गीतांची पुस्तकं रद्दीत गेली, गीतं पडद्यावर आली. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना काळा कागद लागला. दानाच्या थैलीच्या जागी क्यूआर कोड आला. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना ग्रुपवर होऊ लागली. तिथे आमेन म्हणायला तोंड उघडावं लागत नसे, अंगठा पुरे.

डीपी जळाल्याची बातमी चर्चचे सेक्रेटरी शिवमूर्ती यांनी त्याच ग्रुपवर टाकली. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून टाइप न करता बोलून टाकली. ते बोलले 'गेली', फोनला ऐकू आलं 'गेले'. फोनला मोठ्यांचा आदर कुणी शिकवला होता कोण जाणे. मेसेज असा उमटला: "डीपी गेले. लोड सहन झाला नाही. नवीन डीपीसाठी सर्वांनी प्रार्थना करावी." एवढं पाठवून फोनने मान टाकली.

लोड सहन झाला नाही, हे सगळ्यांना पटलं. सरांच्या बॅचेस पहाटेपासून सुरू होत. नांदेडहून, धर्माबादहून, किनवटच्या होस्टेलातल्या वॉर्डनबाईंकडून जोडलेले हात येऊ लागले. नव्या डीपीची एवढी घाई काहींना खटकली, पण क्लासवाल्यांना ती रास्त वाटली. पाळकसाहेबांनी ग्रुपचा डीपी बदलून तिथे डीपींचा फोटो लावला आणि बाजूला मेणबत्ती. फोन चार्ज झाल्यावर शिवमूर्तींनी ती मेणबत्ती पाहिली, आणि वरचा आपलाच मेसेज न वाचता हात जोडले.

सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोन बंद, इन्व्हर्टर बंद, ते बनियनवर बसून घाम पुसत होते. कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर यंदा ईस्टरचा उपदेश करायचा मान त्यांना मिळाला होता, आणि लिहिलेला उपदेश टॅबमध्ये अडकला होता. विषय होता पुनरुत्थान. त्यांनी डोळे मिटून प्रभूकडे प्रकाश मागितला. गैरसमज नको म्हणून 'थ्री फेज' असा खुलासाही केला.

शुक्रवारी सकाळी फ्लेक्सवाला दारात आला. "मयताचा चांगला फोटो हाय का?"

"कोण मयत?"

"डीपी सर."

"मीच डीपी."

त्याने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "फोटोत तुमी लई गोरे दिसायलात," तो म्हणाला, आणि त्याचा काही विश्वास बसला नाही.

सरांच्या बायकोचं, कमलम्माचं, माहेर उदगीर. ती हसून हसून उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "मी इधवा झाले अन् मलाच कुनी सांगितलं न्हाई."

सरांनी बसस्टँडवर जाऊन फोन चार्ज केला. पाहतात तर ते ग्रुपमध्येच नव्हते. मेलेल्या माणसाला रोज गुड मॉर्निंग जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांना सन्मानाने काढलं होतं. मग त्यांनी एकेकाला कळवलं, मी जिवंत आहे. पण मेलेल्यांच्या नंबरवरून ठग मेसेज करतात, असा मेसेज आला की ताबडतोब ब्लॉक करा, ही सूचना सरांनीच मागे ग्रुपवर टाकली होती. लोकांनी ती तंतोतंत पाळली. सरांचं इतकं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटी ते पाळकसाहेबांना समक्ष भेटले. साहेबांना खरोखर आनंद झाला. त्यांनी सरांना मिठी मारली, चहा पाजला. मग म्हणाले, "सर, ईस्टरला उपदेशाऐवजी तुमची श्रद्धांजली ठेवलीय. लिंक पार नांदेडपर्यंत गेली. आता खुलासा टाकला तर मंडळीचा ग्रुपवरचा विश्वास उडेल. तो उडाल्यावर राहिलं काय?"

"पण मी आलो तर?"

"या ना. तुम्हाला कोण नको म्हणतंय?"

ईस्टरच्या सकाळी लाईट नव्हतीच. काळ्या कागदांमुळे चर्चमध्ये मिट्ट अंधार, पडदा कोरा. मंडळी गीताला उभी राहिली, पहिली ओळ कशीबशी म्हणाली आणि पुढे नुसती गुणगुणू लागली. भूकंपाच्या साली हीच मंडळी मैदानात पाल ठोकून राहिली होती, आणि काळोखात शेवटच्या कडव्यापर्यंत गात होती. सर तेव्हा कॉलेजात होते. त्यांना भडभडून आलं. पुस्तकं रद्दीत घातली ती आपणच, या विचाराने त्यांची त्यांनाच लाज वाटली. उपदेश गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणून ते पुढे आले, कोऱ्या पडद्यासमोर उभे राहिले आणि दुसरं कडवं तोंडपाठ गाऊ लागले.

गुणगुण थांबली. एक म्हातारी बाई बोलली, "आवाज तर सरांचाच हाय." दोघीतिघी त्यांच्या सुरात सूर मिसळू लागल्या. शिवमूर्ती रडायच्या बेतात आले. सरांना वाटलं, आता आपण उठलो.

नेमका तेव्हाच वायरमन संगप्पाने खांबावर शेवटची तार जोडली.

"लाईट आली!" असा जो जयघोष झाला, तसा हालेलुया त्या चर्चने कधी ऐकला नव्हता. पंखे फिरले, फोन किणकिणले, पडदा उजळला आणि त्यावर मेणबत्तीसकट सरांचा गोरा फोटो आला. सगळ्या माना खाली झुकल्या. मागून कुणीतरी नम्रपणे म्हणालं, "ओ भाऊ, जरा बाजूला सरका. सर दिसंना गेलेत."

सर बाजूला सरकले.

भिंतीशी एक रिकामा प्लग होता. त्यांनी तिथे फोन लावला. पाळकसाहेबांना अखेर दया आली असावी, कारण सरांना ग्रुपमध्ये परत घेतलं होतं. शिवमूर्तींचा ताजा मेसेज वर येऊन बसला होता, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सरांच्या अंगठ्याने आपणहून आणखी दोन हात त्या रांगेत जोडले. मग त्यांनी मेसेज वाचला.

"नवे डीपी आले. जुने भंगारात दिले. प्रभूची स्तुती असो."

फोनने याही वेळी आदर सोडला नव्हता.

हसताय ते ठीक आहे. पण आज सकाळी तुम्ही कशाला हात जोडलेत, ते एकदा उघडून वाचा.