इंदुअक्कांचा आगाऊ निरोप

मी इंदुअक्कांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मेलेल्या होत्या. म्हणजे, तशी तालीम चालली होती.

मल्लेश्वरममधल्या एका जुन्या घराची माडी भाड्याने द्यायची आहे असं कळलं, म्हणून मी गेलो होतो. दार उघडंच होतं. आत चटईवर एक वयस्कर बाई डोळे मिटून, छातीवर हात ठेवून उताण्या पडल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी बसून एक दाढीवाला माणूस व्हायोलिन वाजवत होता. मी घाईघाईने चपला काढल्या आणि हात जोडून दारातच उभा राहिलो. तेवढ्यात त्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "स्वल्प वेगात घ्या हो. लोकांना रडू यायला हवं, झोप नको."

मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "खोली बघायला आलास? बस. आधी हे ठरवून टाकू दे."

हल्ली बंगळुरात अशी सोय करून देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या अंत्यसंस्काराचे पैसे जिवंतपणीच भरायचे, काय हवं-नको ते सांगायचं आणि निर्धास्त व्हायचं. बाकीचे लोक पैसे भरून विसरून जात असावेत. अक्कांची खरी मजा पैसे भरल्यावर सुरू झाली. व्हायोलिनवाला त्यांनी असा झोपूनच निवडला. "त्या दिवशी मी जशी ऐकणार, तसंच आत्ता ऐकायला हवं ना?" हे त्यांचं म्हणणं.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरकडून इथे आलेलं. त्यांच्या मराठीत मध्येच कानडी डोकावायचं. मी निपाणीचा, मला दोन्ही येतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं आणि माडी मला मिळाली. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. "बोलता बोलता लाइन तुटली की माणसं कशी कासावीस होतात, ते मला विचार," असं त्या म्हणायच्या. आणि त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य: "आधी ठरवलं की स्वल्प बरं असतं."

त्या कंपनीतल्या प्रकाश नावाच्या माणसाची मला दया यायची. अक्कांनी त्याला शववाहिका दारात आणायला लावली आणि आत आडवं होऊन मार्गोसा रोडवरून एक फेरी मारून घेतली. उतरल्यावर म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पण वळणावर डोकं हलतं. उशी ठेवा." झेंडू त्यांना चालणार नव्हता. "झेंडू म्हणजे दुकानाचं उद्घाटन. मला निशिगंध हवा." शिवाय जमलेल्या सगळ्यांना फिल्टर कॉफी.

"अक्का, मयताच्या घरी कोणी कॉफी पीत नाही," प्रकाश काकुळतीला येऊन म्हणाला.

"म्हणूनच सगळे चिडलेले असतात."

दुपारी मी माडीवर कामाला बसायचो. खाली कंपाउंडच्या भिंतीशी गुलाबी फुलांचं झाड होतं. फुलं आवाज न करता गळत राहायची, ऊन फरशीवरून हळूहळू सरकायचं आणि सगळी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. त्या गुंगीत मला खालून दोन आवाज ऐकू यायचे. एक अक्कांचा, दुसरा भिंतीपलीकडच्या कमलम्मांचा. कमलम्मा म्हणजे निवृत्त हेडमास्तरीण. नवरा नाही, मुलगी कॅनडात. जन्मभर चुका काढायचीच सवय. अक्का जास्वंदीला पाणी फार घालतात, अक्कांचं सार पातळ होतं, अक्कांची साडी भडक. आणि आता हे अंत्यसंस्काराचं खूळ.

"मेल्यावर मिरवायची हौस!" त्या कानडीतून ओरडायच्या.

"तू ये तर खरी बघायला," अक्का म्हणायच्या.

"येईन की. काय काय चुकलं ते कोण सांगणार?"

असं रोज चालायचं. एक दिवस पलीकडून आवाज आला नाही. अक्का भिंतीशी दोनदा जाऊन आल्या, मग मला हाक मारली. कमलम्मा आरामखुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पेपर, डोळ्यांवर चष्मा. झोपेतच गेल्या होत्या.

मुलीला, वसुधाला, फोन लागला. यायला निदान दोन दिवस लागणार होते. ती रडत म्हणाली, "अक्का, आईला ताटकळत ठेवू नका. तुम्हीच करा सगळं."

अक्कांनी प्रकाशला फोन केला. "तयारी आहे ना? या."

"अक्का, तुम्ही स्वतः बोलताय?" तिकडून घाबरलेला आवाज आला.

"मीच बोलतेय. पण जायचंय कमलम्माला. माझं जे जे ठरलंय, ते सगळं तिला द्या."

सगळं आलं. निशिगंध आला, व्हायोलिनवाला आला, उशी आली. फक्त माणसं आली नाहीत. कामाचा दिवस होता. गल्लीतली जुनी घरं पाडून तिथे उंच इमारती झालेल्या, आणि त्यांतले लोक कमलम्मांना ओळखतही नव्हते. पितळी पेल्यांतली कॉफी तशीच निवत राहिली. व्हायोलिन वाजत होतं. अक्का एकदाही वेग वाढवा म्हणाल्या नाहीत. स्मशानात भटजींनी विचारलं, "आपण यांच्या कोण?"

"शेजारीण," अक्का म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

परतताना रिक्षात मी विचारलं, "अक्का, आता तुमच्यासाठी परत पैसे भरणार?"

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "कशाला रे? ती आली असती माझ्या मयताला. नाक मुरडत का होईना, सगळं बघितलं असतं. तिलाच तर दाखवायचं होतं."

वसुधा आली ती थेट अक्कांकडे. प्रवासाच्या चुरगळलेल्या कपड्यांतच झोपाळ्यावर त्यांच्याशेजारी बसली. अक्कांनी तिला निशिगंधाचं सांगितलं, व्हायोलिनचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या मनात वेगळंच होतं. शेवटी तिने विचारलंच, "कोणी आलं होतं, अक्का?"

मी मान खाली घातली. गाडीमागे अक्का, मी आणि प्रकाश, असे आम्ही इनमिन तिघं होतो.

"अय्यो, कोणी काय? रस्ता बंद करावा लागला," अक्का म्हणाल्या. "हायस्कूलच्या मुली आल्या होत्या, रांगेत. शिंपी मास्तर आले, खांद्यावर टेप तशीच. पोस्टमन रामय्या तर सगळ्यांच्या आधी हजर."

वसुधाने चमकून वर पाहिलं. "अक्का, रामय्या मी शाळेत असतानाच गेला."

"म्हणूनच आधी पोचला," अक्का म्हणाल्या.

वसुधा हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. अक्कांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पायाने झोपाळ्याला हलकेच झोका दिला. बाहेर फुलं गळत होती. कड्यांच्या करकरीत तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"सांगा ना. अजून कोण कोण आलं होतं?"