विहीणबाईंचं तळलेलं दूध

आमची शालनकाकी दूध तळते. दर रविवारी, दिवेलागणीला. दूध आटवणारे, नासवणारे, त्यात पाणी घालणारे आमच्या कट्टा गावात पुष्कळ सापडतील. तळणारी ही एकटीच.

तिच्या लेकीचा, मनालीचा, संसार स्पेनमध्ये. लग्नही तिकडेच झालं. तेव्हा काका अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे काकीला जाता आलं नाही आणि विहिणीचा मान राहून गेला. ना ओटी, ना पंगत. पुढे काका गेले, काकी एकटी उरली, आणि तो राहिलेला मान तिच्या मनाला खायला लागला. विहिणीला काय आवडतं, तिने मनालीला विचारलं. उत्तर आलं, तळलेलं दूध. "मान तो मान!" म्हणत काकीने पदर खोचला.

पहिल्या रविवारी तिने सरळ खरवसाच्या वड्या खोबरेल तेलात सोडल्या. फोनवर पिलार विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग शिकवणी सुरू झाली. दूध पीठ घालून घट्ट शिजवायचं, थापून गार करायचं, वड्या अंड्यात बुडवून तळायच्या, वर साखर आणि दालचिनी. विहीण स्पॅनिशमध्ये ओरडते, काकी मालवणीत. आधी मनाली मध्ये पडायची. आता पडत नाही आणि दोघींचं काही अडतही नाही.

मी शेजारी, म्हणून फोन धरायला. वडीकडे हात नेला की फटका बसतो. "तोंड लावू नको रे! विहीणबायन अजून बघूक नाय!"

स्वतः काकी ओट्याशी उभ्यानेच दोन घास ढकलते. "एकट्यान बसान काय जेवचा?"

गेल्या रविवारी मात्र एकही वडी फुटली नाही. काकीने ताट फोनपुढे धरलं. तिकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ. पिलारबाई हसल्या आणि फोनसमोरून उठून गेल्या. काकीचा चेहरा उतरला.

एवढ्यात परत येऊन त्यांनी आपलं ताट पुढे केलं. त्यात मोदक! कळ्या वाकड्या, एकाचा गूळ बाहेर आलेला. सुनेकडून शिकल्या होत्या. आणि बोटाने खुणावत होत्या, आधी तुम्ही.

"गे बाय माझे!" एवढंच काकी म्हणाली. मग दोघी एकमेकींकडे बघत थांबल्या. आधी कोणीच खाईना.

शेवटी काकीने डोळे पुसले, फोन माझ्या हातातून घेऊन साखरेच्या डब्याला टेकवला आणि खुर्ची ओढली. काका गेल्यापासून या टेबलाशी बसलेली मी तिला पाहिली नव्हती. मला बरं वाटलं. माझ्या हातावर तिने एक वडी ठेवली.

"तू आता घराक जा रे," ती म्हणाली. "आमी जेवूक बसतंव."