यमुनाक्का आणि वणव्याचा भोंगा

एका जंगलात, बाळांनो, एक संगणक होता. तो एका गुहेत ठेवला होता, म्हणून त्या गुहेला सगळे कचेरी म्हणत.

त्याचे काम एकच. वणवा दिसला की भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकला की हत्ती सोंडा भरून धावत आणि आग विझवत. बारा वर्षे हे काम यमुनाक्का धामण करत होती. शेपटीच्या टोकाने पासवर्ड टाकायचा, की झाले. पासवर्ड साऱ्या जंगलाला पाठ होता. तरी उगाच भोंगा कोणी कधी वाजवला नव्हता.

इतके सुरळीत चाललेले सुरक्षाप्रमुख माकडसाहेबांना बघवेना. त्यांनी पंजाचा ठसा घेणारे यंत्र मागवले.

"साहेब, मला पंजाच नाही हो," यमुनाक्का म्हणाली.

"अक्का, तो रकाना सक्तीचा आहे. कुठला तरी एक लावा ना!"

बरीच पत्रापत्री झाली. शेवटी चेहरा ओळखणारा कॅमेरा आला. माकडसाहेबांनी तो स्वतःवर तपासून पाहिला. उत्तम चालला. त्यांनी त्यात यमुनाक्काचा चेहरा नोंदवला, पासवर्ड रद्द केला आणि ते शेजारच्या जंगलात सुरक्षेवर भाषण द्यायला गेले.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी दक्षिणेच्या उतारावर धूर दिसला. त्याच उतारावर, वाळक्या गवतात, यमुनाक्काची अकरा अंडी होती. ती जिवाच्या आकांताने कॅमेऱ्यासमोर आली.

'चेहरा जुळला,' पडद्यावर अक्षरे उमटली. 'आपण जिवंत असल्याची खात्री पटवण्यासाठी डोळे मिचकावा.'

आता सापाला पापण्या नसतात, हे तुम्हालासुद्धा ठाऊक आहे. पण तुम्ही खरेदी समितीवर नव्हता.

यमुनाक्काने मान हलवली, फूत्कार टाकले, डोके आपटले.

'आपण छायाचित्र आहात. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

ती तशीच तळ्यावर धावली. मोठा हत्ती पाण्यात उभा होता.

"गजूदादा, चला हो! माझी पोरं जळतील!"

"धूर मलाही दिसतोय, अक्का. पण भोंगा कुठं वाजलाय? भोंग्याशिवाय निघालो, तर उद्या मला विचारतील, तुला आग लागल्याचं कोणी कळवलं?"

उतार जळून कोळसा झाला. एकही अंडे वाचले नाही. यमुनाक्का राखेभोवती वेटोळे घालून बसून राहिली. सांगतानाही जीव तुटतो, बाळांनो.

रीतसर चौकशी झाली. माकडसाहेबांनी अहवाल वाचला, "एवढ्या गोंधळातही यंत्राने एकाही परक्याला आत घेतले नाही." सिंहमहाराज खूश झाले. त्यांनी यंत्राला हार घातला. यमुनाक्काचे नाव मात्र नोकरांच्या यादीतून काढले. वारंवार विचारूनही तिने जिवंत असल्याचा पुरावा दिला नव्हता.

तात्पर्य: आग दिसली की आधी डोळे मिटावेत. ज्यांना ते जमते, त्यांनाच सरकारदरबारी जिवंत समजतात.