लाइनीवर माणूस आहे

अकरा वाजता सरिताची मुलाखत होती आणि लॅपटॉपचं वायफाय सकाळपासून रुसलेल्या जावयासारखं वागत होतं. यायचं, जरा टेकायचं आणि चहा येण्याआधीच निघून जायचं.

मुलाखत नागपूरच्या एका कंपनीची. दवाखान्यांतल्या संगणकांचं काही अडलं, की तिथले लोक फोन करणार आणि सरिताने मंगरूळपीरच्या घरात बसून ते सोडवून द्यायचं. कंपनीची पहिलीच अट होती, घरी न तुटणारं नेट हवं, मोबाइलचं चालणार नाही. ही नोकरी मिळाली तर सरिता घरी राहणार होती. नाही मिळाली, तर पुण्यातली एक तयार होती. मग तिसरीतल्या मुलीला, पौर्णिमाला, आजीजवळ ठेवून जावं लागलं असतं. पौर्णिमाला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण शाळेत जाताना ती एवढंच विचारून गेली, "आई, नेट आलं का?"

सरिताचा नवरा विनोद तहसील कार्यालयात कारकून होता. संगणक रोज समोर असल्यामुळे घरातला जाणकार तोच. त्याने रजा टाकली होती आणि एक व्हिडिओही पाहून ठेवला होता. जरा वेळ हात लावला नाही, की काही लॅपटॉप बॅटरी वाचवायला वायफाय आपलं आपणच बंद करतात. आत कुठेतरी 'वीज वाचवा' या ओळीपुढे बरोबरची खूण असते. ती काढली की झालं.

त्याने मधल्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेतला आणि घरभर ऐकू जाईल असं बजावलं, "कोनी मंधात येऊ नका. वायफायचं काम करून राह्यलो."

त्याला ती ओळ सापडली. त्याने खूण काढली आणि

तुटलं.

वायफाय पूर्वी कधी गेलं नव्हतं इतकं गेलं. विनोदने घाईने खूण परत केली. आलं नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, उलटा करून पाठीवर थोपटला. आलं नाही. शेवटी कंटाळून तो पाणी प्यायला बाहेरच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळात

जोडलं.

"विन्या, तू उठला अन् आलं," बेबीताई म्हणाल्या. त्या विनोदच्या आई. मेथी निवडत त्या हा सगळा कारभार बघत होत्या.

विनोद परत बसला. गेलं. उठला, बाहेर गेला. आलं. यावर बेबीताईंचं म्हणणं पडलं, की याच्या अंगातच काहीतरी आहे, याच्या लग्नातसुद्धा ऐन जेवणाच्या वेळी लाइट गेले होते. सरिताला ते पटलं नाही, पण घड्याळाकडे पाहून तिने विनोदला मनगटातलं कडं काढायला लावलं. मग खिशातला फोन. मग बकल मोठं होतं म्हणून कमरेचा पट्टा. एका हाताने पँट धरून आणि दुसऱ्याने माउस धरून विनोद बसला, तरी गेलंच.

"तुमी अंगणात बसा," सरिता म्हणाली.

"मी काय केलं?"

"तेच तं समजून नाही राह्यलं."

अंगणातून विनोदने आपल्या मित्राला, राजपालला बोलावलं. राजपालचं तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. अख्खा तालुका त्याला इंजिनियर समजत असे आणि त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत विजेच्या बोर्डाखाली खुर्ची टाकून विनोदचे वडील, देवमन, पेपर वाचत होते. वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. तो शब्द मोजून वापरायचा. "जय भीम, काका," राजपाल म्हणाला, "वायफायचं काम कराले आलो." देवमन यांनी मान हलवली आणि पेपरची घडी केली.

राजपालने मधल्या खोलीत बसून वायफायचं सगळं सॉफ्टवेअर मुळासकट उपटलं आणि नव्याने लावलं. तरी नाही. तेव्हा त्याला राउटरचा संशय आला. राउटर बाहेरच्या खोलीत, बोर्डाच्या वर, खिळ्याला टांगलेलं होतं. राजपाल जाऊन पाहतो तर दिवे एकेक करून लागत होते.

"वहिनी, राउटर तं जिंदा हाये."

तो लॅपटॉपकडे परतला आणि

तुटलं.

पुन्हा राउटरकडे गेला. जिंदा. पुन्हा लॅपटॉपकडे. ठार. आता इंजिनियरकी पणाला लागली होती. त्याने मधल्या भिंतीवर हात ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा, आणि दोष भिंतीचा आहे असं जाहीर केलं. जुनी वीट नेट पिऊन टाकते. विनोद दारातून म्हणाला की भिंतीला भोक पाडू. बेबीताई म्हणाल्या, आधी तुझ्या डोक्याले पाड.

या गडबडीत बेबीताईंना बोर्डाच्या एका बटणावर देवमन यांचा खांद्यावरचा दुपट्टा लोंबताना दिसला. "एवढी खुटी असून इथं कायले टांगता?" असं म्हणत त्यांनी तो काढून खुंटीला लावला. देवमन उठले आणि त्यांनी दुपट्टा पुन्हा बटणावर टांगला. बेबीताईंनी कपाळाला हात लावला. म्हातारपण, दुसरं काय.

अकराला थोडा वेळ उरला तेव्हा सरिताने सगळ्यांना बाहेर काढलं. भोक नाही, सॉफ्टवेअर नाही, कोणी काही करायचं नाही. ती एकटी लॅपटॉपपुढे बसली आणि माउस हलता ठेवला.

जोडलं.

पडद्यावर वैभवी मॅडम आल्या. चष्मा, मागे कपाट, चेहऱ्यावर सकाळपासून अनेक उमेदवार पाहिल्याचा थकवा. सरिताने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलाल, असं विचारल्यावर तिने जे उत्तर दिलं त्यावर मॅडम चक्क हसल्या. नेट हललंसुद्धा नाही. अंगणात विनोद आणि राजपाल श्वास रोखून उभे होते.

"आता प्रात्यक्षिक," मॅडम म्हणाल्या. "समजा, वायफाय सारखं तुटतं अशी तक्रार आली. तुमच्याच लॅपटॉपवर करून दाखवा. आणि मोठ्याने बोलत करा, ग्राहकाला कळलं पाहिजे."

सरिताला वाटलं, देव नाही म्हणतात ते ठीक, पण प्रश्न काढणारा कोणीतरी आहे. तिने घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाली, "मी आता वायफायचं काम सुरू करते. सगळ्यात आधी

तुटलं.

मॅडम अर्ध्या उघड्या तोंडाने पडद्यावर गोठल्या. सरिताच्या डोळ्यांपुढे पुण्याची खोली आली, तिथला पलंगही आला. मग तिने सकाळपासून कोणी केली नव्हती ती गोष्ट केली. लॅपटॉप सोडून ती उठली आणि दारातून राउटरकडे नाही, त्याखालच्या बोर्डाकडे पाहिलं.

सून उठलेली पाहून देवमन यांनी शांतपणे बटणावरचा दुपट्टा काढला, बटण दाबलं आणि वर राउटरकडे पाहिलं. दिवे एकेक करून लागू लागले.

"बाबा, लाइन तुमी बंद केली?"

"मंग? काम सुरू करते म्हून तूच तं म्हनली."

"सकाळपासून तुमीच?"

"लाइनीवर मानूस असला का लाइन बंद पाह्यजे, अन् बटनाले कोनी हात लावू नये म्हून वर निशानी," देवमन म्हणाले. "विनोदले काई समजत नाई हे मलेबी मालूम हाये. पन म्हून त्याले मरू द्या का?"

अंगणात विनोदने पट्टा हातात घट्ट धरला. मरणार नव्हतो, एवढं तो म्हणाला, पण हळू.

सरिताला हसू येत होतं आणि रडूही, दोन्हीला वेळ नव्हता. वायफायच्या विजेने माणूस मरत नाही हे समजावायला संध्याकाळ झाली असती. ज्या माणसाने आयुष्यभर खांबावरची माणसं जिवंत खाली उतरवली, त्याला नियम मोडा म्हटलं तरी तो मोडणार नव्हता. नियमातूनच वाट काढायला हवी होती.

"बाबा, चालू लाइनीवर काम करायचं असन, तं परवानगी कोनाची लागते?"

"मोठ्या सायबाची. सायबानं सोता सांगा लागते."

आत आवाज आला, "हॅलो? सरिता, ऐकू येतंय?" सरिता धावत गेली, लॅपटॉप उचलला आणि तसाच बाहेरच्या खोलीत देवमन यांच्यापुढे आणून धरला. मॅडम, हे माझे सासरे, हे लाइनमन होते, मी काम सुरू केलं की हे माझ्या जिवासाठी लाइन बंद करतात आणि तुमच्या परवानगीशिवाय चालू ठेवणार नाहीत. एवढं तिने एका दमात सांगितलं.

वैभवी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्या खुर्चीत नीट बसल्या.

"देवमनजी, चालू लाइनवर काम करायला मी सरिताला परवानगी देते."

"नाव? हुद्दा?"

मॅडमनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला.

"जबाबदारी तुमची," देवमन म्हणाले आणि दुपट्टा खांद्यावर टाकून बोर्डापुढे उभे राहिले. आता त्या बटणाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

सरिताने तिथेच बसून, एकेक पायरी मोठ्याने सांगत, 'वीज वाचवा' समोरची ती खूण काढली. नेट राहिलं. मॅडम म्हणाल्या, आता काही वेळ हात लावू नका, बघू. सगळं घर लॅपटॉपकडे बघत राहिलं. बेबीताईंची मेथीची काडी हातातच राहिली. पडदा मंद झाला, मॅडमचा आवाज मात्र तसाच येत होता.

"छान," मॅडम म्हणाल्या. "दोष शोधणारे पुष्कळ आले. घरच्या माणसाला न दुखावता शोधणारं कोणी नव्हतं. बरं, मी आता बंद करते."

"मॅडम, असं जाता नाई येत," देवमन पुढे झाले. "तुमची परवानगी उघडी हाये. मानूस खाली उतरला, हे ज्यानं दिली त्यानंच सांगा लागते."

मॅडमनी सरिताकडे पाहिलं. "नाही उतरली, देवमनजी. आता कशी उतरेल? सोमवारपासून रोज चढायचं आहे तिला."

अंगणात राजपालने विनोदला मिठी मारली, त्यामुळे विनोदला पँट दोन्ही हातांनी धरावी लागली.  सरिताने शाळा सुटायला किती वेळ आहे ते पाहिलं.

देवमन मात्र विचारात पडले होते.

"रोजची परवानगी रोज पाह्यजे, मॅडम," ते म्हणाले. "एका दिवसाची दुसऱ्या दिवशी चालत नाई."

सोमवारी सकाळी कंपनीचा पहिला फोन आला तो देवमन यांना. ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, बोर्डाखाली बसूनच होते.