सहाचा तास

ओव्हाळ सर कुणाशीही बोलायला लागले की आधी विचारत, "माझा आवाज येतोय का?"

हे फोनवर नव्हे, समोरासमोर. कामशेतच्या बाजारात भाजीवालीच्या पुढ्यात उकिडवे बसून, हातात वांगं धरून विचारत. ती म्हणे, "येतोय की सर! माज्या कानाला काय धाड भरलीया?" मग सर समाधानाने मान हलवत आणि वांग्याचा भाव विचारत. आमच्या सोसायटीच्या बैठकीतही पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभे राहिले आणि आधी आवाजाचं विचारून सगळ्यांच्या माना हलेपर्यंत थांबून राहिले. बोलणं संपलं की दुसरं वाक्य ठरलेलं, "कुणाला काही डाऊट?" टाकी भरत नाही यात डाऊट कसला असणार! पण सर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून घेत, मगच खाली बसत.

सर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, एकटेच. वयाने माझ्या मुलाएवढे, पण अख्खं कामशेत त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. एका सकाळी ते दारात उभे राहिले. आवाज येतोय का ते विचारून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही निवृत्त झालात असं कळलं. अभिनंदन नाही करत. कामाला या."

त्यांची कंपनी होती. नाव 'शिकू की!' मोबाइलवर शाळा. पवना धरणाकडच्या, नाणे मावळातल्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांसाठी, मराठीतून, आणि नेटवर्क दोन काड्यांवर आलं तरी चालेल असं ॲप. लॉकडाऊनमध्ये पोरं मोबाइल घेऊन टेकाडावर चढून बसलेली त्यांनी पाहिली होती, तेव्हापासून डोक्यात हेच. हापिस म्हणजे त्यांच्या फ्लॅटची आतली खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या गोधड्यांच्या मधोमध मी उभी राहून समास शिकवायचा. वर्गात साठ पोरांसमोर कधी घाम फुटला नाही, तो त्या एका मोबाइलसमोर फुटला.

शिवाय स्टेशन जवळ. द्वंद्व समासापर्यंत आलं, की आली गाडी. सर हात वर करत, "थांबा बाई, जाऊ द्या तिला." गाडी गेली की भोंगा, भोंगा झाला की भंगारवाला. सगळं शांत झालं की माझ्याच घरातला कुकर. सर माझ्या मागोमाग आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत आणि गंभीरपणे विचारत, "बाई, किती शिट्ट्या बाकी?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीचं वजन ते एमबीत करायचे. धडा जितका हलका, तितका तो गरिबाच्या मोबाइलवर लवकर उतरणार, हे त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि नुसता आवाज. मास्तराचा चेहरा दाखवायचा नाही. "चेहरा फार जड असतो, बाई." माझा धडा ऐकून म्हणाले, "तुमचं 'तर विद्यार्थी मित्रांनो' मी जागोजाग काढलंय. तेवढ्यात पवनेकडच्या पोराचा अख्खा भूगोल बसतो." मी आठवडाभर अबोला धरला. त्यांच्या तो लक्षातच आला नाही. उलट म्हणाले, "हल्ली तुम्ही छान आटोपशीर बोलता."

एकदा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर कुणी भांडवलवाले आले होते. सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्याकडे, चहाला.

"काय झालं?"

"चांगले लोक होते. त्यांनी विचारलं, तुमचा एक्झिट प्लॅन काय?"

"मग?"

"मी म्हटलं, चारच्या लोकलने कामशेत."

मी हसले. सरही हसले, पण जरा उशिरा. "मला अर्थ माहीत होता हो, बाई. कंपनी विकून बाहेर कधी पडणार, असा. पण बाहेर पडून जायचं कुठं, ते काही सुचेना."

त्यांच्या घरी कुणी येत नसे आणि ते कुठे जात नसत, एवढं मला दिसत होतं. हळूहळू एकेक कळत गेलं. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत आयुष्यभर राबले. मुलानेही तिथंच लागावं म्हणून त्यांनी त्याला परीक्षेला बसवलं, आणि तो लागलाही. पर्मनंट. वडिलांनी गावी, वडिवळ्यात, पेढे वाटले. आणि काही वर्षांनी मुलाने ती नोकरी सोडून मोबाइलात शाळा काढली. आई तेव्हा नुकतीच गेली होती. वडील भांडले नाहीत, ओरडले नाहीत. बोलायचेच थांबले. सर गावी गेले की वडील, म्हणजे आबा, खुंटीवरची टोपी घेऊन भाताच्या खाचराकडे निघून जात. सर ओट्यावर एकटेच बसत, स्वतःच चहा करून पीत, कप विसळून ठेवत आणि परत येत. पुढे पुढे तेही थांबलं.

"जाऊन भांडा तरी," मी एकदा म्हटलं.

"भांडायला समोरच्याने बसावं लागतं, बाई."

कंपनीचे दोन पावसाळे बरे गेले. सर मोटरसायकलवर वस्त्या पालथ्या घालत, ओट्याओट्यावर बसून ॲप उतरवून देत. एकदा मीही मागे बसून गेले होते. एक मावशी म्हणाल्या, "आमी अडानी मानसं. पोराच्या हाती मोबाइल दिला की त्ये गेमच खेळतंय."

सर म्हणाले, "मावशी, तुम्ही त्याच्या शेजारी बसा. कळलं नाही तरी बसा. कुणी शेजारी बसलं की पोरगं शिकतं."

"बसते की. मला तरी कोन हाय दुसरं बोलाया?"

परतताना वडिवळ्याच्या फाट्यावर सरांनी मोटरसायकल हळू केली, आणि पुन्हा वेग घेतला.

मग शाळा नीट सुरू झाल्या. मोठमोठ्या कंपन्यांचे चकचकीत धडे फुकट मिळू लागले, त्यांत नाचणारी चित्रं, टाळ्या वाजवणारे मास्तर. नेटवर्कही सुधारलं, तशी हलक्या धड्यांची गरज सरली. जे व्हावं म्हणून सर धडपडले तेच झालं, आणि त्यानेच कंपनी बुडाली. कामाला असलेल्या दोन मुलींना त्यांनी स्वतः खटपट करून तळेगावला नोकऱ्या लावून दिल्या. स्वतः सकाळी तिथल्याच एका क्लासमध्ये गणित शिकवू लागले. भिंतीवरच्या गोधड्या उतरल्या. मला वाटलं, संपलं.

पण संध्याकाळी सहाला समोरच्या घरातून आवाज येतच राहिला. "समजा, एका आयताची लांबी..."

सहाचा तास हा 'शिकू की!'चा जुना रिवाज. मोबाइलवर थेट वर्ग, आठवीचं गणित. पूर्वी पोरांची झुंबड असायची. मी एकदा साखर मागायच्या निमित्ताने डोकावले. सर दाढी करून, शर्टाला इस्त्री करून मोबाइलसमोर बसले होते. आणि चक्क चेहरा दाखवत होते! खिडकीतला उजेड तोंडावर यावा म्हणून खुर्चीही फिरवून घेतलेली.

तास संपल्यावर मी विचारलं, "किती पोरं आहेत आता?"

"एक."

"एक?"

"एक विद्यार्थी आहे. नाव भरलेलं नाही, नुसता नंबर दिसतो. पण वेळेवर येतो आणि शेवटपर्यंत बसतो."

"प्रश्न विचारतो?"

"छे. अवाक्षर नाही."

"अहो, मग एकासाठी रोज एवढी दाढीबिढी? त्याला जुना व्हिडिओ पाठवून द्या."

सर माझ्याकडे असे बघू लागले, की जणू मी शिक्षिका नव्हतेच कधी. "एक जरी पोर वर्गात बसलं असलं तरी तास होतो, बाई. तुम्हीच घेतला असता की नाही?"

मी घेतला असता. साखर घेऊन परत आले.

मी शाळेतच वाढलेली बाई, मुलांची जात ओळखून होते. आठवीचं पोर असं रोज, बिनतक्रार, सुट्टीच्या दिवशीसुद्धा गणिताला बसतं, हे मला पटेना. आणि सरही त्या तासात हल्ली वेगळंच बोलत. आयताचं क्षेत्रफळ काढता काढता म्हणत, "आता हे भाताचं खाचर समजा. यंदा पाऊस जास्त झालाय, बांध फुटला असेल तर तो आधी घालून घ्या. वाकून एकट्याने घालू नका, कंबर धरते. माणूस लावा." हे आठवीच्या पोराला कशाला? मला वाटलं, एकटेपणाने माणूस भरकटायला लागलाय. दुधाच्या निमित्ताने, पेपरच्या निमित्ताने मी रोज एक चक्कर टाकू लागले.

भात कापणीच्या सुमारास सर तापाने पडले. मी पेज करून नेली. सहा वाजत आले तसे ते कोपरावर उठू लागले. मी दटावून झोपवलं. "आज तास नाही. वर्गाला सुट्टी."

"कळवलं नाहीये, बाई."

"एका दिवसाने त्याचं काही बिघडत नाही."

ते छताकडे बघत पडून राहिले. सहा वाजून गेले. थोड्या वेळाने उशाशी फोन वाजला. सरांनी तो हातात घेतला आणि नुसतेच बघत राहिले. घेईनात.

"कुणाचा आहे?" मी विचारलं.

"विद्यार्थ्याचा."

मी वाकून पाहिलं. पडद्यावर नाव होतं, आबा.

वाजून वाजून तो थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला. यावेळी सरांचा अंगठा सरकला आणि स्पीकर लागला. एवढा बोलका माणूस, पण आवाज येतोय का, तेही विचारीना. मग एक खरबरीत आवाज आला, "आज तास न्हाई व्हय?"

"नाही, आबा. ताप आलाय जरा."

"लय हाय का?"

"नाही. उतरेल."

"जवळ कोन हाय?"

"समोरच्या बाई आहेत. पेज आणलीय त्यांनी."

"खा मग."

पलीकडे लांबवर कुणाची तरी गाय हंबरली. मला वाटलं, फोन ठेवतील आता. पण आबाच म्हणाले, "त्ये परवा वर्गमूळ सांगितलंस. त्ये मला न्हाई कळलं."

सर उठूनच बसले. "सांगतो की, आबा! आत्ता सांगतो. समजा..."

"आत्ता नगं. ताप उतरू दे." आणि मग जरा थांबून, "रविवारी येऊन सांग. हितं."

फोन दोन्ही हातांत घट्ट धरून सर मान हलवत राहिले, आबांना ती दिसत असल्यासारखी. फोन कुणीच ठेवेना.

मी पेजेचं भांडं त्यांच्या हाताशी सरकवलं आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.