तात्यांची मानीव बस

आमच्या गावाच्या फाट्यावर रोज सकाळी एक रांग लागते. ती लोहाऱ्याला जाणाऱ्या एसटीसाठी असते, आणि ती एसटी बंद होऊन काही वर्षे लोटली आहेत. या दोन विधानांमध्ये जी विसंगती आहे, तिचे नाव सुखदेव तात्या.

तात्या माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. हायस्कुलात शिपाई होते, निवृत्त झाले. पत्नी वारली, मुलगा पुण्यात कंपनीत आहे. सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते फाट्यावरच्या, बुद्धविहाराजवळच्या वळणावर येतात, येईल त्याला रांगेत उभे करतात आणि बसमधल्या जागा वाटतात. बस नसते, जागा मात्र वाटल्या जातात.

"पारूबाई, तुम्ही डायवरच्या मागं. सोनाली, तू आन् तुझ्या मैतरणी मधल्या बाकावर, खिडकी तुमची. दाराजवळचं सीट म्हाताऱ्यांचं."

मग सगळे रस्त्याकडे पाहत उभे राहतात. काही वेळाने तात्या मान हलवतात. "आडकली दिसतीय कुठंतरी. चला, जीप बघू." आणि ती सगळी मंडळी एकाच जीपमध्ये कोंबून लोहाऱ्याला जातात. बस बंद झाली, हे वाक्य मी तात्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेले नाही. ती नेहमी कुठेतरी अडकलेली असते.

मी दिवाणी न्यायालयात लिपिक होतो. गाव मला वकीलसाहेब म्हणते. ते चूक असल्याचे मी प्रत्येक वेळी निदर्शनास आणून देतो आणि प्रत्येक वेळी माझे कोणी ऐकत नाही. कायद्यात 'मानीव' असा एक शब्द आहे. एखादी गोष्ट घडलेली नसतानाही ती घडली असे धरून चालायचे, म्हणजे ती मानीव. मानीव परवानगी असते, मानीव हस्तांतरण असते. परंतु त्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागतो. येथे एका निवृत्त शिपायाने कोणत्याही अधिकाराविना एक संपूर्ण बस मानीव केली होती आणि तिच्यात माणसे बसवली होती. माझा संताप अनावर होई, आणि त्याहून अधिक गोंधळ.

कारण लोक ते मानत होते. एकदा रांगेतला काशिनाथ आणि भाजी विकायला लोहाऱ्याला जाणारी पारूबाई यांचे पुढच्या जागेवरून कडाक्याचे भांडण झाले.

"मला मागं बसलं की मळमळतंय," पारूबाई म्हणाली.

"मग काय आमी टपावर बसावं व्हय?" काशिनाथ म्हणाला.

"बसा की. वारं लागंल जरा, डोस्कं थंड व्हईल."

मी मध्ये पडलो. "ज्या बसमधील जागेविषयी आपण वाद घालत आहात, ती बस येणारच नाही, याची आपणा उभयतांना कल्पना आहे ना?"

सगळी रांग माझ्याकडे अशी पाहू लागली, की जणू मी बारशात कोणाच्या मरणाची बातमी सांगितली. "वकीलसाहेब," पारूबाई म्हणाली, "सकाळच्या पारी असं बोलू न्हाय." काशिनाथला शेवटी मागची जागा मिळाली. तो दोन दिवस रुसून रांगेत आला नाही. नसलेल्या बसमध्ये खिडकी मिळाली नाही म्हणून माणूस रुसतो, हे कोणत्या शास्त्रात बसते, ते मला कळले नाही.

मी माझ्या मार्गाने गेलो. संबंधित आगाराला अर्ज केला, स्मरणपत्र पाठवले, स्मरणपत्राचे स्मरणपत्र पाठवले. उत्तर आले, की प्रवासी पुरेसे नाहीत. बस नसल्यावर प्रवासी कोठून येणार, असे मी उलट टपाली विचारले. ते पत्र आजतागायत अनुत्तरित आहे. तेव्हा मी तात्यांनाच नोटीस दिली. शेजारी राहत असलो तरी रीत ती रीत, म्हणून पोचपावतीसह रजिस्टर्ड डाकेने. आपण सार्वजनिक ठिकाणी नागरिकांमध्ये निराधार आशा पसरवत आहात, सबब सात दिवसांच्या आत खुलासा करावा.

पोस्टमन गेल्यावर थोड्याच वेळात तात्या पाकीट घेऊन माझ्याच दारात हजर.

"वकीलसाहेब, कायतरी सरकारी आलंय. माझा चष्मा फुटलाय. वाचून दावा."

माझी नोटीस मला मोठ्याने वाचावी लागली. तात्या डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "लई बेस लिवलंय. कुणी लिवलंय?"

"मी."

"मग तर झालंच. असंच आगाराला लिवा एक." चहा घेऊन ते निघून गेले. खुलासा अद्याप अप्राप्त आहे.

आश्वासने देऊन ती मोडणारे पुढारी मी पुष्कळ पाहिले आणि त्यांना पुष्कळ पत्रेही लिहिली. त्यांच्या दाराशी लोक दुसऱ्यांदा उभे राहत नाहीत. तात्यांचा शब्द रोज सकाळी सर्वांसमक्ष खोटा ठरतो आणि दुसऱ्या दिवशी रांग तशीच लागते. याचा उलगडा मला अनेक दिवस झाला नाही. झाला तो तात्या तापाने पडले तेव्हा, आणि तोही अर्धाच.

त्या सकाळी मी दूध घेऊन वळणावरून येत होतो. रांग नव्हती. पारूबाई आणि काशिनाथ एका दगडावर बसले होते. कॉलेजच्या मुली इकडे तिकडे विखरून उभ्या होत्या. इतक्यात सोनालीचे वडील माणिकराव मोटारसायकलवरून आले.

"तात्या न्हाय का आज? मग चल घरला," ते मुलीला म्हणाले. "बस बंद झाली म्हणायची."

सोनाली बारावीला आहे. तिने मान खाली घातली आणि दप्तराचा बंद घट्ट धरला.

"माणिकराव," मी म्हणालो, "बस बंद होऊन वर्षे झाली. आपली मुलगी रोज जीपने जाते."

"जीपनं म्या पाठवत न्हाय. जीपमधी कोण कसं बसतंय, आमाला ठाव हाय. म्या बसला पाठवतो. आता बस आली न्हाय, तर समद्या पोरी मिळून जीप भरतात, ती गोष्ट येगळी. पण बसच न्हाय म्हटल्यावर पोरगी कशाला निघंल घरातनं?"

मी या युक्तिवादातील दोष शोधू लागलो. पुष्कळ होते. परंतु सोनाली मोटारसायकलकडे निघाली होती, आणि तिच्यामागे दुसऱ्या मुलीही आपापल्या घराच्या दिशेने वळल्या होत्या.

"थांबा," मी म्हणालो. दुधाची किटली खाली ठेवली. "रांग करा. पारूबाई, आपण चालकाच्या मागे. विद्यार्थिनींनी मधल्या आसनांवर बसावे. काशिनाथ, आपण आज पुढे."

"आज पुढं?" काशिनाथ उठून उभा राहिला.

माणिकराव माझ्याकडे पाहत राहिले. "तुमी म्हणता येतीय?"

मी जन्मभर शपथपत्रे तपासली आहेत. मी रस्त्याकडे पाहिले आणि "येते आहे" असे म्हणालो. ते मोटारसायकल वळवून निघून गेले. मुली जीपने गेल्या.

मी तडक तात्यांकडे गेलो. ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते.

"पोरी गेल्या का?"

"गेल्या."

"समद्या? माणिक आडवा आला आसंल."

"आला होता." मी खुर्ची ओढली. "तात्या, ती बस येईल असे आपणास खरोखर वाटते का?"

"न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "आगारात गाड्याच न्हाईत. म्या जाऊन बघून आलोय."

"मग रोज हे कशासाठी?"

"एकदा पोरगी घरात बसली की तिचं लगीनच व्हतंय, वकीलसाहेब. बस येतीय, असं कुणीतरी म्हणावं लागतंय."

 ताप बराच असावा. त्यांचा श्वास ऐकू येत होता. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

"पोरगा फोनवर म्हणतो गोळ्या घ्या," ते म्हणाले. "सून म्हणती दवाखान्यात जावा. बरे व्हाल, असं काय कुणी म्हणलं न्हाय. तुमी म्हणा की."

मी डॉक्टर नाही. रक्ताचा कोणताही अहवाल माझ्यासमोर नव्हता.

"बरे व्हाल," मी म्हणालो.

"कवा?"

"सोमवारी."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच विचारले, "सकाळी का दुपारी?"

"सकाळीच," मी म्हणालो, आणि त्यांच्या उघड्या पायांवर पांघरूण ओढले.